यशस्वी कोण आणि कशामुळे? मुलांच्या डोक्यात नक्की काय चाललेलं असतं

कुठल्याही वर्गात जाऊन मुलांना दोन प्रश्न विचारून बघा. यशस्वी माणूस म्हणजे कोण, हा एक, आणि तो यशस्वी कशामुळे झाला, हा दुसरा. पहिल्यावर उत्तरांचा पाऊस पडतो, मोठं घर, गाडी, डॉक्टर, खेळाडू, लाखो फॉलोअर, मागच्या बाकावरून कुणीतरी "बॉस!" असंही ओरडतं. दुसऱ्यावर मात्र सगळा वर्ग एका सुरात, मेहनत. कसली मेहनत, म्हणजे रोज उठून नक्की काय करायचं, असं जरा खोदून विचारलं की गाडी अडते, फार तर "खूप अभ्यास" एवढं येतं.

मला विचाराल तर सगळी गोम त्या दुसऱ्या उत्तरात आहे. यशस्वी कोण याबद्दलची मतं वयाप्रमाणे बदलत जातात, आज अंतराळवीर तर उद्या यूट्यूबर, त्याचं फारसं टेन्शन घ्यायचं कारण नाही. पण यश कशामुळे मिळतं याबद्दल मुलाच्या मनात जे बसलेलं असतं ना, त्यावर ते मूल पेपर अवघड गेल्यावर काय करतं, कुठला विषय सोडून देतं, कुणाकडे मदत मागतं आणि कुणाकडे तोंड उघडत नाही, हे सगळं बऱ्याच अंशी ठरतं. आणि आपण मोठी माणसं नेमकं तिथेच एका शब्दात विषय संपवतो.

तरी सुरुवात पहिल्या प्रश्नापासूनच करू, कारण दुसऱ्याची मुळं तिथे आहेत.

लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८१ मध्ये एक थिअरी मांडली. त्यांचं म्हणणं साधारण असं की मुलं करिअर निवडण्याच्या खूप आधीपासून करिअरं खोडत आलेली असतात. तीन ते पाच वर्षांच्या पोराला एवढंच कळतं की मोठी माणसं काम करतात आणि मोठी माणसं भारी असतात. सहा ते आठच्या सुमारास पहिली कात्री चालते, हे बायकांचं काम आणि हे पुरुषांचं काम. नऊ ते तेरा या वयात कामांची उतरंड लागते, कुठलं काम मानाचं, कुठलं हलकं, काय केलं तर घरचे नाक मुरडतील आणि काय आपल्याला झेपणारच नाही, मग खालचं पण बाद आणि फार वरचं पण बाद. चौदाच्या पुढे कुठे "मला स्वतःला काय आवडतं" हा प्रश्न उगवतो, पण तोपर्यंत यादीत उरलेलं असतं थोडंसंच, आणि गंमत म्हणजे एकदा खोडलेलं काम मूल स्वतःहून परत उघडून बघत नाही, कुणी मुद्दाम समोर आणून ठेवलं तरच. म्हणजे शाळा संपत आलेल्या मुलाला आपण मोठ्या उदारपणे सांगतो की बाळा तुला काय हवं ते कर, सगळे रस्ते मोकळे आहेत, तेव्हा त्यातले निम्मे रस्ते त्याने दुसरी-तिसरीत असतानाच बंद केलेले असतात आणि त्याला स्वतःलाही ते आठवत नसतं.

ही खोडाखोड दिसते कशी, तर चित्रांमध्ये. डेव्हिड चेंबर्स यांनी ४,८०७ लहान मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं होतं, १९८३ मध्ये त्याचे निकाल छापून आले. त्या एवढ्या गठ्ठ्यात बाई शास्त्रज्ञ किती, तर २८. आणि ती २८ च्या २८ चित्रं मुलींनी काढलेली. नंतरच्या दशकांत हे बरंच सुधारलं, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अशा सगळ्या अभ्यासांची एकत्र बेरीज केली तेव्हा १९८५ नंतरच्या चित्रांत बायकांचं प्रमाण सरासरी २८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. पण त्याच बेरजेत एक टोचणारी गोष्ट आहे. सहा वर्षांच्या मुली शास्त्रज्ञ म्हणून साधारण ७० टक्के वेळा बाईच काढतात, दहा-अकराच्या आसपास हे उलटं होतं आणि सोळा वर्षांच्या मुली सुमारे ७५ टक्के वेळा पुरुष काढतात. शिक्षण वाढत गेलं तसं चित्र अरुंद होत गेलं, आता याला काय म्हणायचं.

२०१७ मधला आणखी एक अभ्यास इथे जोडून सांगतो, कारण तो सरळ आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे नेतो. पाच, सहा आणि सात वर्षांच्या मुलांना एका "खूप खूप हुशार" माणसाची गोष्ट सांगितली आणि विचारलं की या फोटोंपैकी तो माणूस कोण असेल. पाच वर्षांच्या मुलामुलींनी आपापल्या बाजूचे फोटो दाखवले, म्हणजे मुलींनी बायका, मुलांनी पुरुष. सहा-सात वर्षांच्या मुली मात्र बाईकडे बोट दाखवायला कचरायला लागल्या. आणि "हा गेम फक्त खूप हुशार मुलामुलींसाठी आहे" असं सांगितलेल्या गेमकडेही त्या वयाच्या मुली कमी वळल्या. पण जास्त मार्क कुणाला मिळतात असं विचारलं तर याच मुली बिनधास्त "मुलींना" म्हणत होत्या! म्हणजे मार्क मिळतात हे माहितीये, तरी हुशारी आपल्या नावावर लावायची नाही, मार्क कष्टाचे आणि हुशारी दुसऱ्याची. यश तेच, फक्त कारण बदललं, आणि सातव्या वर्षी पुढचा रस्ता बदलला.

आता मुलांना यश म्हणून दिसतं काय? जे दिसण्यासारखं असतं तेच, दुसरं काय दिसणार. २०१८ मध्ये "एज्युकेशन अँड एम्प्लॉयर्स" या ब्रिटिश संस्थेने २० देशांतल्या सात ते अकरा वयाच्या मुलांकडून मोठेपणी काय व्हायचंय याची चित्रं काढून घेतली, जवळपास २०,००० चित्रं आली. खेळाडू सगळ्यात वर. ही कल्पना आली कुठून असं विचारलं तर घरातली आणि ओळखीची माणसं आणि टीव्ही-सिनेमा, या दोन्हींचाच भरणा, शाळेत बाहेरून येऊन आपल्या कामाबद्दल बोललेल्या कुणामुळे ही इच्छा झाली असं सांगणारी मुलं एक टक्कासुद्धा नव्हती. बरं ही झाली लहान पोरं, मोठी झाली की यादी वाढत असेल असं आपल्याला वाटतं. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये पंधरा वर्षांच्या मुलांचे आकडे काढले, त्यात ४१ देशांमधल्या ४७ टक्के मुलग्यांना आणि ५३ टक्के मुलींना तिशीत आपण फक्त दहा कामांपैकी एका कामात असू असं वाटत होतं. डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर, पोलीस वगैरे, ओळखीचीच नावं. आणि २००० सालच्या तुलनेत ही गर्दी वाढलेली, कमी झालेली नाही. इंटरनेट आलं, जग मुठीत आलं असं सगळे म्हणत होते त्याच वीस वर्षांतली ही गोष्ट आहे.

यावर "आजकालच्या मुलांना काही कळत नाही" असं म्हणणं सोपंय पण जरा अन्यायाचं आहे. बाहेरून बघणाऱ्याला स्कोअरबोर्ड दिसतो, नेट प्रॅक्टिस दिसत नाही. एखाद्या पुलाचं डिझाइन तपासणारी इंजिनिअर सहा महिने स्क्रीनसमोर बसून एक आकडा शोधत असते, तिच्यावर रील कोण बनवणार? म्हणून मुलांच्या व्याख्येत पैसा, प्रसिद्धी आणि पद हे तीन आधी येतात, कारण तेवढंच लांबून मोजता येतं.

अभ्यासक यश दोन कप्प्यांत ठेवतात. एक बाहेरून मोजता येणारं, पगार, हुद्दा, बढती. दुसरं आतलं, म्हणजे त्या माणसाला स्वतःला आपलं काम, आपली वाटचाल कशी वाटते. ही विभागणी समाजशास्त्रज्ञ एव्हरेट ह्यूज यांच्यापासून चालत आलेली आहे, आणि पुढे जेव्हा जेव्हा दोन्ही एकत्र मोजले गेले तेव्हा त्यांचा संबंध निघाला पण ढिलाच निघाला, म्हणजे भरपूर पगारवाला समाधानी असतोच असं नाही आणि कमी पगारवाला रडत असतोच असंही नाही. टिम कॅसर आणि रिचर्ड रायन यांनी १९९३ मध्ये दाखवलं की ज्या तरुणांच्या मनात पैसा कमावणं हे बाकी सगळ्या ध्येयांच्या वर बसलेलं होतं त्यांची मानसिक अवस्था तुलनेने वाईट होती. मग यावर कुणीही म्हणेल की अहो, पैसा मिळाला नसेल म्हणून दुःखी असतील. रायन यांच्याच टीमने २००९ मध्ये नुकत्याच पदवी घेतलेल्यांचा वर्षभर पाठपुरावा करून तेही तपासलं. माणसांशी नाती, स्वतःची वाढ अशी ध्येयं गाठलेल्यांचं बरं चाललं होतं, पैसा-प्रसिद्धी-दिसणं ही ध्येयं गाठलेल्यांना मात्र ती गाठूनही समाधानाच्या बाजूने काही पदरात पडलेलं दिसत नव्हतं. पैसा बिनकामाचा असं यातून निघत नाही हां, गरजेपुरता नसला की काय होतं ते वेगळं सांगायला नको, मुद्दा तो सगळ्यात वर बसवण्याचा आहे.

आणि पंधराव्या वर्षी "तुझ्यासाठी यश म्हणजे काय ते ठरव" असं मुलाच्या मागे लागण्यातही फार अर्थ नाही. एमआयटीचे एडगर शाइन यांनी १९६० च्या दशकात मॅनेजमेंटचे विद्यार्थी निवडले आणि दहा-बारा वर्षांनी त्यांना परत गाठलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की माणसाला शेवटी कुठली गोष्ट सोडवत नाही, स्वातंत्र्य, सुरक्षितता, एखाद्या कामातलं कसब की माणसं सांभाळणं, हे त्याला बरीच वर्षं नोकरी केल्यावर, दोन-चार ठिकाणी ठेचा खाल्ल्यावरच कळतं. काम न करताच हे आधी कळावं अशी अपेक्षा आपण का ठेवतो देव जाणे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, माझ्या मते मुख्य भाग हाच.

बर्नार्ड वायनर हे नाव इथे महत्त्वाचं. माणसं यश-अपयशाची कारणं कशी लावतात यावर त्यांनी १९७० च्या दशकापासून काम केलं. शाळेतल्या अपयशाची साधारण चार कारणं दिली जातात, अक्कल कमी पडली, मेहनत कमी पडली, पेपरच अवघड होता, नशीब खराब. वायनर म्हणाले कारणाच्या नावात अडकू नका, त्या कारणाला तीन प्रश्न विचारा. ते माझ्या आत आहे की बाहेर? ते कायमचं आहे की बदलणारं? आणि ते माझ्या हातात आहे का? गणितात नापास झालेल्या दोन मुली घ्या. एक म्हणते मला गणित जमतच नाही, हे कारण आतलं, कायमचं, हातात नसलेलं. दुसरी म्हणते मी उदाहरणं नुसती वाचली, सोडवून बघितलीच नाहीत, हेही आतलंच, पण बदलता येणारं आणि हातातलं. मार्क सारखेच, लाजही कदाचित सारखीच वाटली असेल. पण पुढच्या परीक्षेआधी दुसरी वही काढेल आणि पहिली गणित कधी सोडता येईल याची वाट बघेल, आणि पहिलीला आळशी म्हणून चालणार नाही कारण तिच्या हिशोबाने ती अगदी बरोबर वागतेय, जे बदलणारच नाही त्यावर वेळ कशाला घालवा.

यात वयाचा एक खेळ आहे जो बऱ्याच पालकांना माहीत नसतो. जॉन निकल्स यांनी १९७० च्या दशकात लहान मुलांवर काम करून दाखवलं की छोट्या मुलांना मेहनत आणि हुशारी यात फरकच कळत नाही, त्यांच्या लेखी जो जास्त मेहनत करतो तोच हुशार, विषय संपला. अकरा-बारा वर्षांपर्यंत मात्र मुलांना कळतं की दोघांना सारखेच मार्क पडले आणि एकाने कमी अभ्यास केला होता तर तो जास्त हुशार. झालं! इथून मेहनत ही दुधारी गोष्ट होते. भरपूर अभ्यास करून नापास झालो तर डोकं नाही हे जगजाहीर होणार, आणि अभ्यास न करता नापास झालो तर निदान "केला असता तर आला असता" एवढी इज्जत शिल्लक. परीक्षेच्या आदल्या रात्री पर्यंत मोबाइल बघत बसणारा आणि सकाळी सगळ्यांना "मी तर पुस्तक उघडलंच नाही यार" असं ओरडून सांगणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो ना, तो बेफिकीर असेलच असं नाही, तो घाबरलेला असू शकतो. स्वतःच्या वाटेत स्वतःच अडथळा उभा करून ठेवायचा म्हणजे अपयशाचं खापर त्याच्यावर फोडता येतं, या वागण्यावर १९७८ पासून मानसशास्त्रात रीतसर अभ्यास होतायत. अशा मुलाला "मेहनत कर" असं सांगणं म्हणजे त्याला ज्याची भीती वाटते तेच करायला सांगणं.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ चा प्रयोग यासाठीच इतका गाजला. तो जरा तपशिलात बघण्यासारखा आहे. पाचवीतली मुलं, एकेकाला वेगळ्या खोलीत बसवलेलं, आकृत्यांची कोडी सोडवायला दिलेली, फार कठीण नाहीत. झाल्यावर सगळ्यांना सांगितलं की छान केलंस. काहींना त्यापुढे एकच वाक्य, तू खूप हुशार असणार. काहींना दुसरं वाक्य, तू खूप मेहनत घेतली असणार. काहींना पुढे काहीच नाही. बास, फरक एवढाच, एका वाक्याचा. मग दुसरा सेट दिला तो मुद्दाम महाकठीण, सगळे आपटले, आणि त्यांना सांगितलंही की यावेळी बरंच खराब झालंय. मग तिसरा सेट, पहिल्याइतकाच सोपा. हुशार म्हटलेली मुलं तिसऱ्या सेटमध्ये स्वतःच्याच पहिल्या मार्कांपेक्षा खाली आली, मेहनती म्हटलेली वर गेली. शेवटी मुलांना सांगितलं की दुसऱ्या शाळेतल्या एका अनोळखी मुलासाठी चार ओळी लिहा आणि तुमचे मार्कही लिहा, नाव टाकायचं नाही. हुशार म्हटलेल्या मुलांपैकी दहातल्या जवळपास चौघांनी मार्क खोटे लिहिले, बाकी गटांत हे प्रमाण दहात एखाद्याच्या वर थोडंसंच होतं. ज्याला आयुष्यात कधी भेटणार नाही अशा मुलासमोर, तेही निनावी! हुशारीचं लेबल सांभाळायचं ओझं काय असतं ते यात दिसतं.

आता या कामावरून पुढे मोठा धंदा उभा राहिला, पोस्टर, वर्कशॉप, "मी करू शकतो" च्या घोषणा, आणि त्यातून अपेक्षा भलत्याच वाढल्या. अमेरिकेत नववीच्या १२,००० च्या आसपास मुलांवर घेतलेली मोठी चाचणी २०१९ मध्ये छापून आली, त्यात बुद्धी वाढू शकते हे समजावणाऱ्या छोट्या ऑनलाइन सेशनमुळे मागे पडलेल्या मुलांचे ग्रेड सरासरी ०.१ पॉइंटने सुधारले. तासाभराच्या आत संपणाऱ्या, जवळपास फुकटात होणाऱ्या गोष्टीसाठी हे वाईट नाही, पण जादू पण नाही. आणि शाळेतलं वातावरणच त्या विचाराला साथ देणारं नसेल तर तेवढाही फायदा दिसत नव्हता.

मग यश प्रत्यक्षात येतं कशाने? इथे मुलांच्या यादीत काय नसतं ते बघण्यात जास्त मजा आहे.

हुशारी लागते, नाही कशाला म्हणू. पण लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात आयक्यू टेस्ट घेऊन साधारण १,५०० अतिहुशार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा माग ठेवला, बरीचशी चांगली शिकली, चांगल्या नोकऱ्यांत गेली. टेस्ट देऊन निवडीत न बसलेल्यांमध्ये मात्र विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ अशी दोन मुलं होती, पुढे एकाला १९५६ चं आणि दुसऱ्याला १९६८ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी नोबेल कुणालाच नाही.

मेहनतीचं काय? २०१४ मध्ये ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी सरावावरचे बरेच अभ्यास एकत्र केले. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो त्यातला किती फरक ठरवून केलेल्या सरावामुळे पडतो, तर बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४ आणि नोकरी-व्यवसायात एक टक्क्याहून कमी. शेवटचा आकडा बघून उड्या मारू नका, नोकरीतला "सराव" मोजायचा कसा हाच मुळात घोळ आहे. पण दिशा कळते, जिथे नियम ठरलेले आणि पुढे काय येणार ते माहीत, तिथे घासूनपुसून केलेला सराव जास्त वसूल होतो, आणि नोकरीच्या जगात तसं काही ठरलेलं नसतं. सराव सोडा असं यात कुठेही नाही, एकटा सराव पुरत नाही एवढंच.

मग उरलेलं कुठून येतं? ओळखी, घरची परिस्थिती, कुठे आणि कधी जन्मलात, आणि चक्क योगायोग. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत न्यूटन नावाच्या गावातल्या, नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की ही नोकरी कशी कळली. ओळखीतून कळलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसाकडून कळली होती, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या ओळखींतून. कारण साधं आहे, जवळच्या मित्राला तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत असतं, लांबचा माणूस दुसऱ्या वर्तुळात फिरतो आणि तिथली बातमी त्याच्याकडे असते. १९७३ मधलं हे निरीक्षण २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी लोकांच्या डेटावर पुन्हा तपासलं तेव्हाही मोठ्या प्रमाणात खरं निघालं, मध्यम ढिल्या ओळखी सगळ्यात उपयोगी. आता सांगा, कुठल्या मुलाने "यश कशामुळे" या प्रश्नावर "बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून" असं उत्तर दिलंय कधी? त्यांना ते माहीतच नसतं कारण आपण सांगत नाही. आपली स्वतःची गोष्ट सांगताना आपण जागरणं सांगतो, फोन कुणी केला होता ते गाळतो.

आणि नशीब. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये एक भन्नाट प्रयोग छापला. अनोळखी बँडची ४८ गाणी, १४,००० च्या वर ऐकणारे. ऐकणाऱ्यांना आठ वेगवेगळ्या ऑनलाइन दुनियांमध्ये वाटलं, प्रत्येक दुनियेत फक्त आपल्याच दुनियेतल्या लोकांनी काय डाउनलोड केलं ते दिसायचं, आणि एक गट असा ज्याला इतरांचं काहीच दिसत नव्हतं. त्या शेवटच्या गटाच्या पसंतीवरून गाण्याचा खरा दर्जा धरला. दर्जात २६ वा नंबर आलेलं एक गाणं एका दुनियेत पहिलं आलं, दुसऱ्या दुनियेत ४० वं. गाणं तेच, सूर तेच! खूप चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि खूप वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं. आपल्यातले बहुतेक जण त्या मधल्यातच मोडतात हे मान्य करायला काय हरकत आहे.

हे सगळं मुलांना सांगावं का, यावर मला नेहमी एक भीती घातली जाते, नशीब-ओळखी असं सांगितलं तर पोरं हातपाय गाळतील. भीती खोटी नाही. ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये, आपलं आयुष्य आपल्या हातात आहे असं मानणारे आणि सगळं बाहेरून ठरतं असं मानणारे, हा फरक मोजायची प्रश्नावली दिली, आणि तेव्हापासून पहिल्या प्रकारची मुलं अभ्यासात थोडी पुढे असतात असं सारखं दिसत आलंय. पण "फक्त मेहनत" या उत्तराचीही किंमत मोजावी लागते आणि ती कुणी मोजत नाही. जीव तोडून करूनही जमलं नाही की त्या मुलाकडे एकच निष्कर्ष उरतो, खोट माझ्यातच आहे. आणि जो यशस्वी होतो तो मागे राहिलेल्यांकडे बघून म्हणतो, यांनी केली नाही मेहनत. दोन्ही चूक.

मधला मार्ग मला जॉन क्रुम्बोल्ट्झ यांचा पटतो. ते स्वतः करिअर काउन्सेलिंग शिकवायचे आणि १९९९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मांडलं की योगायोग टाळता येत नाही पण योगायोग घडायची शक्यता वाढवता येते. कुतूहल ठेवा, एकदा नाही म्हटल्यावर परत विचारा, ठरवलेलं बदलायला तयार राहा, थोडी जोखीम घ्या. म्हणजे नशिबाला पण हातपाय हलवावे लागतात. मुलांना सांगायचं तर एवढंच सांगावं की कुठे जायचं ते पक्कं माहीत नसेल तरी चालेल, घरात बसून मात्र कळणार नाही.

स्वप्नांबद्दल थोडक्यात, कारण मोठी स्वप्नं बघा हा सल्ला सगळीकडे फुकट वाटला जातो. गॅब्रिएल ओटिंगन आणि डोरिस मायर यांनी २००२ मध्ये जर्मनीतल्या पदवीधरांचा अभ्यास छापला. चांगली नोकरी लागल्याच्या गोड कल्पनांमध्ये जे जास्त रमायचे त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केलेले, त्यांना ऑफर कमी आलेल्या आणि पगारही कमी. ज्यांना "मला नोकरी मिळण्याची शक्यता चांगली आहे" असा अंदाज होता त्यांचं उलट, बरं झालेलं. मनातल्या मनात जिंकून झालं की खऱ्या मैदानात उतरायची घाई राहत नसावी. मेस्मिन डेस्टिन आणि डॅफ्ना ऑयसरमन यांनी २०१० मध्ये सातवी-आठवीच्या मुलांत पाहिलं की जवळपास सगळ्यांनाच कॉलेजला जायचंय, पण आपण करणार ते काम शिक्षणावर अवलंबून आहे असं ज्यांना वाटत होतं तीच मुलं आज होमवर्कला जास्त वेळ देत होती. स्वप्न आणि आजचा होमवर्क यांच्यामधली वायर जोडलेली असली पाहिजे, नाहीतर नुसता बल्ब लटकतो.

ती वायर जोडायचं एक काम अगदी स्वस्तात होतं, खऱ्या कामाच्या माणसाला मुलांसमोर बसवणं. ब्रिटनमध्ये १९७० साली जन्मलेल्या मुलांचा जो लांबलचक अभ्यास चालू आहे त्यात असं आढळलं की चौदा-पंधराव्या वर्षी बाहेरून आलेल्या माणसांची करिअरवरची भाषणं ज्यांनी जास्त ऐकली होती त्यांचा सव्विसाव्या वर्षीचा पगार किंचित जास्त होता, आणि तोही मुख्यतः ज्यांना ती भाषणं उपयोगी वाटली होती त्यांचाच. फरक छोटा, पण एका भाषणाला खर्च तरी किती येतो. फक्त त्या पाहुण्याला "माझ्या यशाचं रहस्य" या विषयावर बोलायला देऊ नका, मेहनत म्हणून मोकळा होईल. मुलांच्या हातात प्रश्न द्या. काल सकाळी पहिल्या तासात तुम्ही काय केलंत? या कामाचं नाव पहिल्यांदा कुणाकडून ऐकलंत? काय करून बघितलं आणि जमलं नाही? पहिल्या नोकरीबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं? या कामात कंटाळवाणं काय आहे? आणि तुमच्याइतकीच मेहनत करून तुमच्यासारखं न झालेलं कुणी तुमच्या ओळखीत आहे का, असेल तर त्याचं काय झालं?